दाजींच्या बुलेटला मोठं इंजीन

कडेगाव,
कार्तिक वद्य पंचमी

तीर्थस्वरूप दाजी (माजी सुभेदार श्री. नाथाजीराव, मुक्काम सातारा) यांच्या सेवेशी,

धाकटा मेहुणा बाळासो याचा दोन्ही हात जोडून आणि एक पाऊल मागे घेऊन नमस्कार. पाऊल मागे कशासाठी ते पुढे कळेलच. इकडे सर्व खुशाल आहे. ऊस तोडीला आला आहे, तोडणीची टोळी आलेली नाही, म्हशीचं दूध आटलं आहे आणि आमच्या सौ. माझ्याशी दिवाळीपासून कामापुरतंच बोलतात. तुमच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, डावा डोळा माघात करायचा आहे आणि तोवर वाचायला मनाई आहे असं कळलं. ऐकून बरं वाटलं, म्हणजे उजव्या डोळ्याचं ऐकून. तेव्हा हे पत्र तुम्हाला अक्का वाचून दाखवणार हे धरूनच मी अक्षर मोठं आणि सुटं काढलं आहे. (अक्का, मागच्या पत्रासारखंच हेही दाजींना मोठ्यानं वाचून दाखव, पण जिथे जिथे असा कंस दिसेल तिथलं मनातल्या मनात वाच आणि पुढे चाल. मध्ये थांबल्यासारखं वाटू नये म्हणून एखादा घोट पाणी पीत जा.)

हल्लीच्या दिवसांत पुन्हा पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण तुम्हीच आहात. दिवाळीपासून मी तुम्हाला एकेचाळीस फोन केले, तुम्ही एकही उचलला नाही. गाडी दारात उभी राहिल्याशिवाय बाळ्याचा आवाजसुद्धा ऐकणार नाही, असं तुम्ही जाहीर केल्याचं चार ठिकाणांहून माझ्या कानावर आलं. घरातला दुसरा फोनही तुमच्याच खिशात असतो. बरं, व्हॉट्सॲपवर लिहावं तर त्यातली अक्षरं मुंगीएवढी. उरलं टपाल. पोस्टातल्या बाईंनी पाकीट देताना विचारलं, की नोकरीचा अर्ज का? मी म्हणालो, खुलासा.

तर खुलाशाची सुरुवात तुमच्या मूळ हुकमापासून करतो, म्हणजे नंतर वाद नको. गणपती बुडवल्यावर तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः गाडी चालवत कडेगावला आलात. गाडी म्हणजे तुमची साडेतीनशेची बुलेट, नोकरीत असताना घेतलेली. दर मार्गशीर्ष प्रतिपदेला म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो आणि गाडी घेतल्यापासून तुम्ही अक्काला मागे बसवून त्या रथाला जाता, हे आपल्या सगळ्या पाहुण्यांना पाठ आहे. (अक्का, सरहद्दीवर होते ती वर्षं सोडून. तेव्हा तू एष्टीनं एकटी गेलीस आणि आल्यावर त्यांना पत्रात खोटंच लिहिलंस की दर्शन निवांत झालं.) मागच्या वर्षी मात्र वर्धनगडच्या घाटात गाडीचा दम संपला. अक्काला उतरावं लागलं. ती पिशवी घेऊन दोन वळणं पायी चढली, आणि दोन ट्रॉल्या ऊस भरलेला ट्रॅक्टर तुम्हाला मागे टाकून गेला. जाताना त्या ड्रायव्हरनं अक्काला विचारलं म्हणे, “आज्जी, ट्रालीत बसताय का?” हे सांगताना तुम्ही चहाची कपबशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, “बाळ्या, इंजीन मोठं कर. अवंदा हिला घाटात उतराय लागली, तर मी गाडी इकून टाकीन. एष्टीच्या म्हाताऱ्यांच्या शिटावर बसून जाईन म्हसवडला. मग कोन सुभेदार आन् कोन काय.” दाजी, तुमचा आवाज तेव्हा बदलला होता. मी तुम्हाला चाळीस वर्षं ओळखतो, पण असा आवाज ऐकला नव्हता. मला ते लागलं, म्हणून मी पुढचा मागचा विचार न करता हो म्हणालो.

मोठं इंजीन करणं म्हणजे दुकानातून मोठा डबा आणणं नव्हे. मी फौजेच्या वर्कशॉपात बावीस वर्षं काढली आहेत (अक्का, त्यातली चौदा कँटीनच्या जनरेटरवर, पण ते आता कशाला), आणि स्टँडजवळच्या गॅरेजातला इलियास मिस्त्री तर डोळे मिटून, पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आतला आजार सांगतो. तुम्ही एष्टीत बसून परत निघालात आणि आम्ही दोघांनी त्याच संध्याकाळी आमच्या गोठ्यात इंजीन गाडीपासून सोडवलं. चहा गरम होता तोवर ते फळीवर आलं होतं. उरलेल्या सांगाड्यावर ताडपत्री टाकली आणि पुढे कित्येक आठवडे तिकडे कुणी पाहिलं नाही. कारण आजार इंजिनाचा, हे तुम्ही सांगितलं, मी मान्य केलं आणि इलियासनं पेचकस लावून पक्कं केलं.

तुमचा जुना पिस्टन पेल्याच्या तोंडाएवढा. तो चढायचा आणि उतरायचा त्या नळकांड्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. ब्लॉक रुंद केला की पिस्टन मोठा बसतो, पिस्टन मोठा की ताकद मोठी. साडेतीनशेची पाचशे पस्तीस करायचं ठरलं. (पाचशेवर भागलं असतं, पण इलियास म्हणाला पस्तीस वर असू देत, सुभेदारांचं काम आहे.) तर ब्लॉक मिरजेच्या भंगारवाल्याकडे मिळाला, त्याच्या कोंबड्या त्यातून पाणी पीत होत्या. वरचं हेड तासगावच्या तात्याबांचं. त्यांनी एका मोडक्या बुलेटचं इंजीन द्राक्षबागेत औषध मारायच्या पंपाला जोडलं होतं, आणि बाग काढली तरी ते इंजीन घरात देवासारखं ठेवलं होतं. तुमचं नाव आणि हुद्दा सांगितल्यावर हेड सोडलं. पिस्टनला ढकलणारा दांडा विट्याचा. कार्बोरेटर कुठला हे इलियास सांगत नाही. चेंबर, म्हणजे खालचं पोट, तेवढं तुमचं स्वतःचं आहे. नंबर त्याच्यावर असतो म्हणून ते बदललं नाही, फक्त कुपवाडच्या लेथवर त्याचं तोंड मोठं करून आणलं. तिथल्या कारागिरानं कारखान्याचं काम बाजूला सारून आधी हे घेतलं, कारण तोही सिद्धनाथाचा भक्त निघाला. दोन जिल्ह्यांतली पाच-सहा गावं तुमच्या इंजिनात आहेत, दाजी. एखादा आमदारसुद्धा निवडून येईल.

आता खंडेनवमी. इथे मी काही लपवत नाही. अष्टमीच्या संध्याकाळी ते चेंबर तोंड वर करून, उघडं, फळीवर होतं आणि सकाळी बंद करायचा बेत होता. पण सकाळ हत्यारपूजेची. आपल्याकडे त्या दिवशी विळा, खुरपं, कोयता, पाने, पकडी सगळं धुऊन पाटावर मांडायचं, पुजायचं आणि दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. इलियासच्या गॅरेजात ही पूजा त्याच्या वडिलांपासून होते आणि तो या बाबतीत आमच्या सौ.पेक्षा कडक आहे. त्यानं आपले पाने आमच्याच गोठ्यात पाटावर मांडले ते मांडले. मी म्हणालो, निदान दोन बोल्ट तरी मारून घेऊ. त्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी माझाही पाना निमूटपणे पाटावर ठेवला.

मग सौ. ताट घेऊन आल्या. विळ्याखुरप्यांच्या ओळीत त्यांना हे नवीन, कधी न पाहिलेलं, चकचकीत हत्यार दिसलं. सगळ्यांत मोठं तेच, म्हणून सगळ्यांत जास्त पूजा त्याची. हळदीची पाच बोटं, कुंकू, झेंडूची फुलं, नारळाचं पाणी आणि वरून अक्षता. त्या भक्तीनं अक्षता टाकत होत्या आणि मी हात जोडून उभा होतो. चेंबर उघडं आहे हे माझ्या डोळ्यांना दिसत होतं, पण आरती चालू असताना बोलायची माझी पद्धत नाही. दसऱ्यानंतर इलियास डिझेलचं भांडं घेऊन धुवायला बसला, तर सौ. दारात उभ्या राहिल्या. “पुजल्यालं डिझेलनं धुताय व्हय? ततं लक्षुमी आली आन् तुमी वंगाण पुसताय?” तेव्हा कपड्यानं पुसून, सायकलच्या पंपानं हवा मारून, चेंबर बंद करावं असा निर्णय झाला. निर्णय माझाच होता. (अक्का, माझा नव्हता. पण ज्यांचा होता त्या शेजारी शेंगा फोडत बसल्या आहेत.)

दिवाळीच्या पाडव्याला पहिली किक मारली. तिसऱ्या किकला इंजीन सुरू झालं. दाजी, तो आवाज तुम्ही ऐकायला हवा होता. पत्रे थरथरले, गल्ली गोळा झाली, म्हशीनं दावं तोडलं आणि तिचं दूध त्या दिवसापासून आटलं आहे. मी टोपी सारखी करून कडेपूरच्या दिशेनं निघालो. पाच किलोमीटर गाडी अशी गेली की मला फौजेतल्या परेडची आठवण झाली, सहाव्याला इंजीन जागच्या जागी जाम झालं, आणि मी गाडीसकट कुणाच्या तरी उसात जाऊन थांबलो. नुकसान: एक गुडघा, ऊस सहा कांड्या, एक पिस्टन. ट्रॅक्टरमागे बांधून गाडी घरी आणली. इलियासनं इंजीन उघडलं, तर तेल जायच्या भोकात सात तांदूळ आणि झेंडूची एक पाकळी. त्यानं ते सात दाणे तळहातावर घेतले आणि सौ.च्या पुढे धरले. सौ.नी ते मोजले आणि म्हणाल्या, “सातच? म्या तर दोन मुठी घातल्या हुत्या.” मग आम्ही सगळं इंजीन पुन्हा शेवटच्या खिळ्यापर्यंत सोडलं. सौ.चं कामापुरतं बोलणं तेव्हापासूनच सुरू आहे. मी त्यांना रागावलो नाही, फक्त दोन मुठींचा हिशेब चारचौघांत लागू दिला, एवढाच माझा गुन्हा.

दुसरा पिस्टन यायला आठ दिवस लागले, बसवायला सहा. याच काळात तुम्ही फोन बंद केलात. मागच्या रविवारी इलियासला पाठीमागे बसवून मी कराड रस्त्यावरच्या सुर्लीच्या घाटाला चाचणीसाठी गेलो. (अक्का, तुझ्या वजनाचा माणूस पाहिजे होता. इलियास कमी भरला म्हणून त्याच्या मांडीवर शाळूचं अर्धं पोतं दिलं. राग मानू नकोस, मापाशिवाय चाचणी होत नाही.) पहिलं वळण बरं गेलं. दुसऱ्याला गाडी कण्हायला लागली. पाचशे पस्तीसचं इंजीन, दोन जिल्ह्यांचं सामान, आणि एक शाळेतली बाई स्कूटीला डब्याची पिशवी अडकवून आमच्या शेजारून पुढे गेली. जाताना मान वळवून म्हणाली, “काका, पेट्रोल संपलंय का?” तुम्हाला त्या ट्रॅक्टरवाल्यानं काय केलं असेल ते मला त्या दिवशी कळलं. तरी घाटमाथा गाठला. तिथे आम्हाला एक अगदी किरकोळ कारण सापडलं, ते जागेवर दूर केलं, आणि ते पत्रात लिहिण्याएवढं मोठं नाही.

(अक्का, हा कंस लांब आहे. चष्मा पुसायला लाग, नाहीतर अक्षर लागत नाही असं सांग. घाटमाथ्यावर जळका वास यायला लागला. इलियास इंजिनाशी वाकून वास घेत होता, तिथे काही नाही. मी टेकायला म्हणून मागच्या चाकाशी बसलो आणि पॅन्टला भोक पडलं. चाकाचा मधला ड्रम तव्यासारखा तापला होता. गाडी स्टँडवर घेऊन इलियासनं चाकाला लाथ मारली, चाक अर्धा फेरासुद्धा फिरेना. मागच्या ब्रेकचा नट मरणाचा पिळलेला. ब्रेक सतत धरलेलाच. म्हणजे गाडी दोन वर्षं ब्रेक दाबून घाट चढत होती. इंजिनाला काहीही झालं नव्हतं, अक्का. जुनं साडेतीनशेचंच राहू दिलं असतं तरी चाललं असतं. इलियास पाना खाली ठेवून म्हणाला, “बाळासो, मंग आपन दोन म्हईनं केलं काय?” गणपतीनंतर गाडी आली तेव्हा गोठ्यात ढकलायला आम्हाला चार माणसं लागली होती, आणि चौघांपैकी एकालाही वाटलं नाही की चाकाकडे बघावं. आमचं ध्यान इंजिनात.

त्या नटावर पान्याचे ओरखडे होते, ताजे, सगळे सारख्याच अंतराचे, घड्याळाला चावी दिल्यासारखे. कुणीतरी नेमानं पाव पाव फेरा पिळत होतं. म्हणून मी तुझ्या शेजारच्या सबीनाला फोन लावून तुला बोलावून घेतलं. तू आधी म्हशीच्या दुधाचं विचारलंस. मग म्हणालीस, “व्हय. म्याच पिळला.” दोन वर्षांमागे डोळ्यावर मोतीबिंदूचा सारा आलेला असताना त्यांनी कोरेगावच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉलीला इतकं घासून गाडी काढली, की उसाचं पातं तुझ्या गालाला लागून रक्त आलं. तू सांगितलंस तर म्हणाले, फौजी हात हाय, मनू, तू घट धर. तू घट्ट धरलंस. आणि पुढच्या सोमवारी ते दाढीला गेले की शिटाखालचा पाना काढून त्यांनीच नव्या नवलाईच्या दिवसांत क्वार्टरवर शिकवलेला नट पाव फेरा आवळलास. मग दर सोमवारी. घाटात उतरून चालायला लागलं तेव्हा तुला फार वाईट वाटलं, पण परत आल्यावरही तू तो सैल केला नाहीस. आणि एवढं सगळं कबूल करून झाल्यावर तू मला विचारलंस, “आता तुमी इंजीन मोठं क्येलंया, तर म्या किती पिळू?” अक्का, मी हसत होतो आणि माझे डोळे भरले होते, दोन्ही एकदम. सबीनाच्या फोनवरून तुला ते दिसलं नसेल.

पुढचं ऐक. घाटमाथ्यावर मी नट सैल केला आणि एकटा खाली गेलो. गाडी उडाली. माझी टोपी त्या घाटात कुठे आहे ते सिद्धनाथाला ठाऊक. मी गेल्या कित्येक वर्षांत इतका घाबरलो नव्हतो. सत्तर वर्षं वय, एक डोळा मोतीबिंदूचा, मागे तू, आणि खाली हे इंजीन. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. नट सैल ठेवला तर तुझा जीव टांगणीला, पिळला तर त्यांची गाडी म्हातारी आणि गाडीबरोबर तेही. मला ठरवता येत नाही. तूच सांग काय करू, आणि ते सबीनाच्या फोनवरून सांग.)

तर दाजी, गाडी तयार आहे. अमावास्येच्या आदल्या दिवशी दुपारच्या जेवणाला मी ती स्वतः चालवत आणून तुमच्या दारात उभी करतो. इलियास बरोबर येईल. त्याला तुमच्यापुढे एकदा किक मारून दाखवायची आहे, आणि पिस्टनच्या उशिराबद्दल तुम्ही काही बोललात तर ते अर्धं त्याच्या वाट्याला यावं अशी माझी सोयही आहे. आवाज मोठा आहे, शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी; कुणाकडे दुभतं जनावर असेल तर विशेष. इंजीन नवीन बसलं आहे, पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर काढू नका, ही विनंती नसून मिस्त्रीचा हुकूम आहे. (अक्का, पाचशे नाही, दोनशे पुरतात. पण आकडा मोठा असलेला बरा.) घाटात अक्काला उतरावं लागणार नाही, हा माझा शब्द. या शब्दासाठी मी गुडघा, टोपी, पॅन्ट आणि घरातलं बोलणं घालवलं आहे, तेव्हा तो खरा धरावा. रथाला माझ्या नावानंही गुलाल-खोबरं उधळावं.

सौ.चा तुम्हा दोघांना नमस्कार. त्यांनी तो मला सांगितलेला नाही, पण त्या पाठवतील असं धरून लिहिला आहे.

उशीर झाला तरी हुकूम मोडला नाही असा
तुमचा मेहुणा,
बाळासो

ता. क. १ – गाडीचं आरसी बुक शोधून ठेवावं. इंजिनाचा आकार वाढला की तशी नोंद सरकारदरबारी करावी लागते, आणि तिथे हे सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल. मी बरोबर येईन. अक्षतांचा भाग तिथे गाळू.

ता. क. २ – तुमचा जुना ब्लॉक आणि पिस्टन तेल लावून पोत्यात बांधले आहेत. सौ. म्हणतात, ब्लॉकमध्ये कोथिंबीर छान येईल. तुमचा काय तो निर्णय कळवावा, तोवर मी पोत्यावर बसून आहे.

ता. क. ३ – (अक्का, पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून हे लिहितो आहे. आज सकाळी दाजींचा फोन आला. एकेचाळीस फोन न उचलणाऱ्या माणसाचा आपण होऊन फोन; सुर्लीच्या चाचणीचं कुणीतरी कानावर घातलं असावं. मी उभा राहिलो. नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिलाच प्रश्न, “मागच्या चाकाच्या नटाला हात लावलास का?” मी म्हणालो, थोडा. म्हणाले, “मग हुता तिथं आन.”

अक्का, त्यांना माहीत आहे. पहिल्या सोमवारपासून. त्या दिवशी पैसे विसरले म्हणून ते न्हाव्याकडून परत फिरले होते, तर बोळातून त्यांना तू दिसलीस, चष्मा कपाळावर, हातात पाना, चाकाशी बसलेली. ते तसेच मागे गेले आणि तुला वेळ मिळावा म्हणून उधारीवर डोक्याचे केसही कापून घेतले. तेव्हापासून दर सोमवारी दाढी झाल्यावर अर्धा तास तिथंच पेपर चाळत बसतात, डोळ्याला दिसत नसताना. मी विचारलं, दाजी, मग सैल का केला नाही, अर्ध्या मिनिटाचं काम. ते म्हणाले, “करता आला असता. पर नट पिळल्यापासून ती माज्या मागं निवांत बसती. मी फौजेत हुतो तवा सतरा वर्सं ही बाई धड झोपली न्हाई. आता नटानं झोप लागत आसंल तर लागू दे की. म्हणून तर तुला इंजीन मोठं कर म्हटलं, गड्या. नट सैल कर म्हटलं न्हाई.”

मग म्हणाले, “मनूला सांगू नगं. आन् पत्रं लिवतोस म्हनं, तर कंस घालत जाऊ नगं. ती वाचताना मधीच पानी प्याय लागती, तवा मला कळतं कंस आला.” आणि ठेवला.

मी नट होता तिथे आणला आहे, ओरखड्याला ओरखडा लावून. इलियास, शाळू आणि मी सुर्लीचा घाट पुन्हा चढून आलो. कण्हत चढते, पण कुणाला उतरावं लागत नाही, आणि सपाटीवरही चाळीसच्या पुढे काही केल्या जात नाही. ब्रेकची पट्टी झिजेल ती इलियास दर वर्षी रथाआधी नवीन घालून देणार आहे. आता तुला काही कळवायची गरज नाही. सांगू नको म्हणाले, म्हणून मी सांगितलेलं नाही, लिहिलं आहे. फक्त एवढं कर, अक्का. पाणी पिऊ नकोस आणि हा कंस पहिल्यापासून मोठ्यानं वाच.)